पॅरिसचे अकरावे कलम आणि बिदरचा कैदी

10 फेब्रुवारी 1763 रोजी इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन यांनी पॅरिसमध्ये तहावर सह्या केल्या आणि सात वर्षे चाललेले युद्ध संपले. कॅनडा कोणाचा, फ्लोरिडा कोणाची, असल्या मोठ्या वाटण्यांच्या गर्दीत त्या तहाचे अकरावे कलम हिंदुस्थानचे आहे. 1749 च्या आरंभी असलेल्या वखारी फ्रेंचांना परत मिळाल्या, बंगालमध्ये फौज ठेवणार नाही असे त्यांनी कबूल केले, आणि इंग्रज व फ्रेंच दोघांनी मिळून महंमद अलीला कर्नाटकचा नबाब व सलाबतजंगाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्य केले. त्या दिवशी हा सुभेदार बिदरच्या किल्ल्यात कैदेत होता. त्याचा धाकटा भाऊ निजामअली याने जुलै 1762 मध्येच त्याला गादीवरून उतरवून तिथे डांबले होते. तहाला आठ महिने होण्यापूर्वी, सप्टेंबर 1763 मध्ये, तो त्याच किल्ल्यात मेला. बहुतेक इतिहासकारांच्या मते मारला गेला. पॅरिसच्या तहाने हिंदुस्थानातल्या इंग्रज-फ्रेंच झगड्याचा निकाल लावला, असे आपण शाळेपासून वाचतो. दख्खनपुरते तरी ते खरे नाही. इथला निकाल आधीच लागला होता आणि तो लावण्यात इथल्या दरबारांचा हात युरोपी सेनापतींइतकाच होता.

निंबर्ग्याहून पाहिले तर हे अधिक स्पष्ट दिसते. आळंद तालुक्यातल्या या गावाच्या ईशान्येला भालकी आणि बिदर, त्यापलीकडे उदगीर, नैर्ऋत्येला विजापूर. दख्खनच्या वाट्याला आलेले हे युद्ध समजायला ही चार नावे पुरेशी आहेत. सुरुवात अर्थात युरोपातल्या युद्धघोषणेच्या आधीची. 1748 मध्ये दख्खनचा सुभेदार आणि पहिला निजाम आसफजाह वारला आणि त्याची मुले-नातवंडे गादीसाठी भांडू लागली. 1751 च्या आरंभी नातू मुजफ्फरजंग मारला गेला, तेव्हा फ्रेंच सेनापती बुसीने आसफजाहाचा मुलगा सलाबतजंग याला पुढे केले. बुसीपाशी सुमारे 300 फ्रेंच आणि 2000 कवायती शिपाई होते. एवढ्याशा फौजेवर सुभेदार उभा राहतो, यातच त्या दरबाराची अवस्था कळते. पण तेवढ्यावर दख्खन ताब्यात राहत नव्हते. सलाबतजंगाचा थोरला भाऊ गाजीउद्दीन सुभेदारीवर हक्क सांगत दिल्लीहून आला आणि ऑक्टोबर 1752 मध्ये औरंगाबादेत विषप्रयोगाने मेला. त्याने पेशव्यांना जो मुलूख देऊ केला होता, तोच सलाबतजंगाला पुढच्या महिन्यात भालकीच्या तहाने द्यावा लागला: वऱ्हाडच्या पश्चिमेचा, तापी आणि गोदावरी यांच्यामधला. बुसीच्या तोफा पाठीशी असतानाही नानासाहेब पेशव्यांशी तडजोड केल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि हे बुसीला पुरते कळले होते. दख्खनमधली फ्रेंच सत्ता हे वर्णन म्हणूनच मला फुगवलेले वाटते. ती एका दरबाराने पदरी ठेवलेली फौज होती, आणि तिच्या पगाराची तजवीज व्हावी म्हणून 1753 मध्ये पूर्व किनाऱ्यावरची चार सरकारे (महसुली जिल्हे), म्हणजे एलोर, राजमहेंद्री, मुस्तफानगर आणि चिकाकोल, बुसीला लावून देण्यात आली होती.

यावर कोणी म्हणेल की पेशवे आणि निजाम यांचे वैर जुनेच होते. त्याला युरोपी युद्धाशी कशाला जोडायचे? जोडायचे, कारण 1758 नंतरच्या घटना एकमेकींपासून सुट्या करताच येत नाहीत. त्या वर्षी फ्रेंचांचा सरसेनापती लाली याने बुसीला दख्खनमधून परत बोलावले. त्याच डिसेंबरात इंग्रज सेनानी फोर्डने कोंदूरला फ्रेंचांचा पराभव केला आणि एप्रिल 1759 मध्ये रात्री हल्ला करून मच्छलीपट्टण घेतले. फ्रेंचांच्या मदतीला निघालेला सलाबतजंग फौजेसह जवळच होता. त्याने वारा ओळखला आणि 14 मे रोजी इंग्रजांशी तह केला: मच्छलीपट्टण आणि आसपासचे जिल्हे इंग्रजांना दिले, यापुढे फ्रेंचांना पदरी ठेवणार नाही असे वचन दिले. फ्रेंचांना दख्खनबाहेर काढणारा कागद हाच. तो पॅरिसच्या जवळजवळ चार वर्षे आधीचा आणि त्यावर शिक्का सुभेदाराचा.

आता उदगीर. फ्रेंच पाठबळ गेलेल्या सलाबतजंगाला आणि निजामअलीला पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी जानेवारी 1760 मध्ये तिथे गाठले. भाऊंच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. बुसीच्या फौजेत तयार झालेला हा सरदार पुढे निजामअलीकडे आणि शेवटी पेशव्यांकडे आला होता. ज्या कवायती पायदळाच्या जोरावर सलाबतजंग गादीवर टिकला, तेच पायदळ आता त्याची फळी फोडत होते. फेब्रुवारीच्या आरंभी तह झाला आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख, शिवाय दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर आणि विजापूर पेशव्यांकडे गेले. त्याआधी दोन आठवडेही झाले नव्हते, 22 जानेवारीला वांदिवाशला इंग्रज सेनापती कूटने लालीला हरवून बुसीला कैद केले होते. पुढच्या वर्षी तर 14 जानेवारीला पानिपत आणि त्यानंतर दोनच दिवसांत पाँडिचेरीचा पाडाव! इंग्रजी पुस्तके वांदिवाशचा मान मोठा ठेवतात, मराठी पुस्तके पानिपतचा, आणि उदगीर दोन्हीकडे पानिपतची प्रस्तावना म्हणून उरकले जाते. माझ्या मते दख्खनच्या इतिहासात त्याचे वजन वांदिवाशहून कमी नाही. वांदिवाशने फ्रेंच हरले, उदगीरने त्यांनी बसवलेला सुभेदार हरला. विजापूर तर 1818 पर्यंत पेशव्यांकडेच राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पॅरिसचा तह नसता तर फ्रेंच पुन्हा उठले असते. किनाऱ्यापुरते हे मला मान्य आहे. महंमद अलीला त्या कलमाचा उपयोग झालाच, आणि त्याच्या आडून मद्रासच्या इंग्रजांनाही. पण हैदराबादच्या दरबाराला त्या कागदाने बांधले का? याच निजामअलीने पुढे रेमंड नावाच्या फ्रेंचाच्या हाताखाली मोठी कवायती फौज उभी केली. इंग्रजांना ती मोडता आली 1798 मध्ये, आणि तेही निजामाशी स्वतंत्र करार करून. जुन्या इंग्रजी लिखाणात असाही तर्क आढळतो की पॅरिसने सलाबतजंगाला मान्यता दिल्याचे कळल्यामुळेच निजामअलीने त्याला संपवले. तर्क खरा मानला तरी त्या कलमाचे कर्तृत्व एवढेच उरते की ज्याला ते सुभेदार म्हणत होते त्याचा जीव त्याने घेतला. शिवाय जवळचे कारण असताना इतक्या दूर जायची गरज नाही. 10 ऑगस्ट 1763 रोजी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा सपशेल पराभव केला होता. पराभूत माणसाच्या किल्ल्यात गादीचा आधीचा धनी जिवंत असणे त्या काळी किती धोक्याचे होते, हे समजायला पॅरिसची डाक लागत नाही.

पूर्व किनाऱ्यावरच्या सरकारांचा प्रश्नही पॅरिसने सोडवला नाही. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या क्लाइव्हने त्यांची सनद बादशहा शाहआलमकडून मिळवली. पण ती पुरेशी नाही हे कंपनीला लगेच कळले, आणि 12 नोव्हेंबर 1766 रोजी तिने निजामअलीशी तह करून या मुलखाबद्दल दरसाल पेशकश (खंडणी) देण्याचे कबूल केले. 1768 च्या तहाने अटी बदलल्या, तरी पेशकश सुटली नाही. 1823 मध्ये एकरकमी मोबदला देऊन कंपनीने तिच्यातून आपली सुटका करून घेतली.