फराहबागेच्या सहलीपूर्वी

मंडळाच्या वर्धापनवर्षाची सहल यंदा लांब कोठे न नेता आपल्याच नगरातील निजामशाही वास्तू पाहण्यासाठी काढावी असे सभेत ठरले, आणि बेत आखण्याचे काम मजकडे आले. बेत म्हटला की गाडी किती वाजता आणि पोळ्या कोणी करायच्या येथूनच आपण सुरुवात करतो. तेही पुढे सांगते. परंतु एखाद्याच्या घरी जायचे तर त्या घरात कोण कोण होते एवढे तरी आधी ठाऊक असावे. वाड्यांचेही तसेच आहे.

मलिक अहमद याने १४९० साली बहामनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन १४९४ मध्ये सीनेच्या काठी हे शहर वसविले. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. म्हणजे चौंडीच्या लेकीचे नाव आज शहराला आहे. मात्र ह्याच शहराच्या राजघराण्यात ज्या दोन कर्तबगार स्त्रिया होऊन गेल्या, त्यांच्या आठवणीचे काय झाले, हे ह्या सहलीत पाहण्यासारखे आहे.

पहिली खुंझा हुमायूँ. ही हुसेन निजामशहाची बेगम. हुसेनशहाने आपली लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. वर्षानुवर्षांचे वैर ह्या सोयरिकीने मिटले आणि १५६५ साली तालीकोटच्या लढाईत दोन्ही घराणी एका बाजूने उभी राहिली. त्याच वर्षी हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तझा अजाण. तेव्हा काही वर्षे राज्याचा गाडा खुंझा हुमायूँनेच हाकला. पुढे त्याच मुलाने आईला कैदेत टाकले.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची एक सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने रचलेले हे हुसेनशहाच्या पराक्रमाचे काव्य. त्यातील चित्रांत राजाशेजारी राणीही बसलेली होती. पण ती सत्तेवरून गेल्यावर अनेक चित्रांतील तिची आकृती कोणीतरी रंग फासून पुसून टाकली. राजा जागच्या जागी आहे. शेजारी फक्त डाग उरला आहे.

त्याच मुर्तझाच्या कारकिर्दीत फराहबागेचा महाल उभा राहिला. पहिले बांधकाम पसंत पडले नाही म्हणून ते पाडून पुन्हा बांधले, आणि सलाबतखान वजिराच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये काम पुरे झाले. अष्टकोनी इमारत, मध्ये घुमटाचा उंच दिवाणखाना, आणि भोवती तलाव. हे पाणी दुरून खापरी नळांनी आणलेले. आज तलाव कोरडा आहे. तेथे उभे राहून चारी बाजूंनी पाणी आहे असे मनात आणावे, म्हणजे उन्हाळ्यात ह्या जाड भिंतींचा आणि उंच कमानींचा उपयोग काय होता ते समजते.

दुसरी स्त्री चांदबीबी. १५८० मध्ये नवरा गेल्यावर तिने विजापुरात लहानग्या इब्राहिमचे राज्य सांभाळले. पुढे माहेरी आली तो मोगल दारात! १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंग आतल्या लोकांनी हुडकून निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला खिंडार पडले. तेव्हा चांदबीबी चिलखत घालून, हाती नंगी तलवार घेऊन खिंडारावर येऊन उभी राहिली. लढाई थांबल्यावर रातोरात ते बुजवून घेतले. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. १६०० साली मोगल पुन्हा आले. आता निभाव लागणार नाही, वाटाघाट करून बालराजाला वाचवावे, असे तिचे मत पडले. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आता नगरकर ‘चांदबीबीचा महाल’ कशाला म्हणतात? पूर्वेच्या शहा डोंगरावरील तीन मजली वास्तूला. ती चांदबीबीची नव्हेच. ती सलाबतखानाची कबर आहे. आईचे चित्र पुसले गेले, आणि लेकीचे नाव दुसऱ्याच्याच थडग्याला लागले. लोकांनी तिचे नाव प्रेमानेच जपले, हे खरे. पण ती जेथे खरोखर उभी राहिली तो तट मात्र तिच्या नावाने कोणी ओळखत नाही.

म्हणून सहलीचा क्रम मी असा लावला आहे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी शहा डोंगर. तेथून फराहबाग, म्हणजे सलाबतखानाची कबर आणि त्याचे काम लागोपाठ पाहून होईल. जवळच रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नातवंडे बरोबर असतील तर ती तेथे रमतील. जेवण उरकून शेवटी किल्ला. किल्ला लष्कराच्या अखत्यारीतील असल्याने प्रत्येकीने ओळखपत्र जवळ ठेवावे. प्रवेशाची वेळ आधी विचारून घेण्याचे काम मी करीन. १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नेते येथे बंदिवान होते; नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ येथेच लिहिला. ती जागा पाहूच. पण खंदकाच्या काठाने चालताना थोडे थांबून तटाकडेही पाहू.

पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे, पायांत साध्या चपला असाव्यात, भिंतींवर नावे कोरू नयेत आणि मुलांनाही कोरू देऊ नयेत. शिवाय एक विनंती. डोंगरावर मुलांनी “हा कोणाचा महाल?” असे विचारले, तर सलाबतखानाचे नाव सांगावे; आणि चांदबीबीची गोष्ट राखून ठेवावी, ती किल्ल्याच्या तटाशी सांगावी.