'नोंद आढळली नाही' म्हणजे इतिहास नव्हता असे नाही

खोती, महार वतन, मालवण तालुक्यातल्या जुन्या वस्त्या यांचा शोध आपले तरुण आता संगणकावर घेतात. डिजिटल संग्रहांच्या सूचनापानावर आश्वासन असते : गावाचे, जिल्ह्याचे वा जातीचे नाव टाका, माहिती मिळेल. नाव टाकले की उत्तर येते, 'नोंद आढळली नाही'. मग पोरे म्हणतात, आपला इतिहास कोणी लिहिलाच नाही. या निष्कर्षाला आमचा विरोध आहे.

नोंद आहे, पण यंत्र ती दुसऱ्याच नावाने ओळखते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीचे मालवण रत्नागिरीखाली सापडते, तर सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थानच होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला घेतला आणि त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरात महारांचा उल्लेख 'म्हार' अशा इंग्रजी हिज्जांनी येतो. आज रूढ असलेले हिज्जे टाकणाऱ्याला तो सापडणार कसा?

मराठीत टाकले तरी सुटका नाही. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. ज्या साइटने हा फरक जुळवून घेतलेला नाही, तिथे लेख गळतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार लिहीत. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' त्याच काळातले. स्कॅन केलेल्या पानांत तर बऱ्याचदा अक्षरे नसतातच, नुसते चित्र असते. सूचनापान यातले काहीही सांगत नाही.

हा तांत्रिक किरकोळपणा समजू नये. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबांची नोंद दुसऱ्या हिज्जांखाली पडून आहे, त्याच्यासाठी 'आढळली नाही' या दोन शब्दांच्या थापेची किंमत अख्खे शिक्षण असू शकते. जमिनीचेही तसेच. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, कायदा व्हायला १९४९ उजाडले. त्या लढ्याचे कागद याच कोकणातले आहेत. ते शोधता आले नाहीत, तर खोतांच्या घराण्यांनी सांगितलेला इतिहासच शिल्लक राहील.

कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुले केले. पण पाणी कोणाला मिळाले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ठराव खरा की खोटा हे ओंजळीने तपासले. लिहिलेल्या हक्काची परीक्षा ते वापरून पाहण्यातच होते, हा महाडचा धडा आहे. आज तळ्याच्या जागी शोधपेटी आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. एका शब्दावर थांबू नका. रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण, जुने हिज्जे, जुने अनुस्वार, सगळे टाकून पाहा. काय टाकले, कोणत्या तारखेला, काय आले, हे वहीत लिहा. सूचनापानावरचे वाक्य आणि आलेले उत्तर समोरासमोर ठेवून संग्रह चालवणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर नाही आले तर कार्यालयात जाऊन मूळ दप्तर मागा. यंत्राने नाही म्हटले म्हणून आपण नव्हतो, असे मान्य करायचे कारण नाही.

जय भीम!