चावीवाल्याचे डोंगर

माझ्याकडे साडेचार फुटांचा एक पाना आहे. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. नोकरीतला पाना निवृत्तीच्या दिवशी जमा केला. हा दुसरा मी स्वतःच्या पैशांनी लोहाराकडून करून घेतलेला, कारण सरकारी पान्याचं तोंड झिजलं की चावी घसरते आणि पहाटे चार वाजता चेंबरमध्ये वाकलेल्या माणसाचं मनगट मुरगळतं. जुन्या पनवेलमध्ये मी चावीवाला होतो. कागदावर ‘व्हॉल्व्हमन’. आता रोडपालीत, सासुरवाडीच्या साडेबारा टक्क्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो, आणि पाना दाराच्या मागे उभा असतो. बायको म्हणते, भंगारात द्या. मी देत नाही.

मुलगा कंटेनरच्या धंद्यात आहे. मागच्या वर्षी कामानिमित्त चीनच्या शांडोंग प्रांतात गेला होता. तिथल्या जीनान नावाच्या शहरातून त्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. दगडी काठांचा चौकोनी हौद, स्वच्छ हिरवं पाणी, आणि मधोमध तीन ठिकाणी पाणी खालून उसळतंय, आधणासारखं. चहूबाजूंनी माणसं फोटो काढतायत. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, “पंप कुठे बसवलाय?”

“पंप नाहीये बाबा. झरा आहे.”

माझा विश्वास बसला नाही. उभी हयात पाणी वर चढवण्यात गेली; ते आपणहून वर येतंय हे पटायला वेळ लागला. मग मुलाने घरी आल्यावर नीट सांगितलं. जीनान हे झऱ्यांचं शहर. नावाजलेल्या झऱ्यांची तिथे जुनी यादीच आहे, बहात्तरांची. मी पाहिला तो बाओतू झरा. शहराच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर. पाऊस त्यांच्या भेगांत मुरतो आणि उतरत्या थरांतून उत्तरेकडे शहराखाली येतो. तिथे आडवा येतो काळा, कठीण, अग्निजन्य दगड. पुढे वाट नाही, मग पाणी वर उसळतं. म्हणजे देवानेच व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय. हे मला लगेच कळलं. झऱ्यांचं पाणी पुढे दामिंग सरोवरात जातं, दक्षिणेला हजार बुद्धांचा डोंगर आहे, आणि बाओतूच्या बागेत बाराव्या शतकातल्या ली छिंगचाव या कवयित्रीचं स्मारक. डोंगर, पाणी, देव आणि कविता, सगळं एकाच पाणलोटात.

आणि पाऊस किती, तर वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे जुलै एकटा त्याहून जास्त देतो. वर्षाचा हिशोब तीन हजारांच्या घरात. तरी एप्रिल लागला की आमच्या गेटवर टँकर.

आमचा दगड वेगळा, हे खरं कारण. सह्याद्री काळ्या पाषाणाचा, लाव्हाच्या थरांवर थर. त्यात पाणी मुरतं ते फटींतून आणि सच्छिद्र पट्ट्यांतून, तेही बेताचं. बाकीचं चार महिन्यांत धावत खाडीला. म्हणून पनवेलने झऱ्याची वाट पाहिली नाही, तळी राखली. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे. नावं नुसती मोठ्याने म्हणून बघा. वडाचं तळं ते वडाळं, देवाचं ते देवाळं, असा अर्थ आमच्यात लावत. मला मात्र त्यात झाडाभोवतीचं आळं ऐकू येतं. पाणी पळून जाऊ नये म्हणून हाताने ओढलेली मातीची कड, तिच्यात मधोमध वाढलेलं गाव.

वडाळ्याच्या काठी बल्लाळेश्वर. आणखी एक तळं आहे, त्याला इस्रायल तलाव म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाला या नावाचं हसू येतं, पण पनवेलकराला त्यात काही विशेष वाटत नाही. शनिवारी घाण्याला सुट्टी देणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायली इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आडनावं पेणकर, रोहेकर, नागावकर, बोली मराठी. त्यांचं बेथ एल प्रार्थनास्थळ १८४९ सालचं, म्हणजे नगरपालिकेपेक्षा तीन वर्षांनी वडील. बहुतेक माणसं इस्रायलला गेली, तळ्याला नाव ठेवून गेली. २६ जुलै २००५ ला गाढी नदी गावात शिरली तेव्हा त्या प्रार्थनास्थळातही पाणी भरलं होतं. पाणी ओसरल्यावर त्या भिंतींवरची गाळाची रेघ मी पाहिली आहे. चावीवाल्याची नजर पाण्याच्या रेघेवरच जाते.

नगरपालिका १८५२ ची. राज्यातली पहिली म्हणून पनवेलकर छाती काढतात, आणि मीही काढत असे. पण एवढ्याशा गावाला एवढ्या लवकर नगरपालिका का लागली? उत्तर घाटात आहे. १८३० साली बोरघाटातून चाकाचा रस्ता झाला. मुंबईहून होडीने पनवेल बंदर, तिथून बैलगाडीने पुणे. देशावरून गाड्या माल घेऊन उतरायच्या, आणि पनवेलचा मोठा धंदा काय, तर गाडीची चाकं. घाट उतरून आलेला गाडीवान परत जाताना चाकांची नवी जोडी घेऊन जायचा. आता हिशोब करा: गाडी म्हटली की दोन बैल, बैल म्हटले की पाणी. तळं म्हणजे त्या काळचा पेट्रोलपंप. सुताराला चाक वळवायला, लोहाराला तापलेली धाव चाकावर बसवून विझवायलाही पाणीच. १८६३ ला बोरघाटातून रेल्वे गेली, ती कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. गावाला स्वतःचं स्टेशन मिळायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. चाकांचा धंदा बसला, बंदर गाळाने भरलं. तळी राहिली, कारण तळी काही रेल्वेने नेता येत नाहीत. त्याच मधल्या काळात, १८७२ साली, पुराणिक वैद्यांनी इथे धूतपापेश्वरचा कारखाना काढला. काढे आणि आसवं म्हणजे तरी काय, औषध मुरवलेलं पाणीच.

नळाचं पाणी आलं ते पूर्वेच्या डोंगरातून. पनवेलच्या कुठल्याही गच्चीवर जा, पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या खांद्याशी कलावंतिणीचा सुळका, मागे माथेरानची सपाट पाठ. ही पाठ सपाट आहे म्हणून पनवेलला पाणी आहे, हे मला माझ्या वरच्या जुन्या फिटरने शिकवलं. माथेरानच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. जांभा स्पंजासारखा, पावसाळाभर पितो. खाली काळा पाषाण पाणी अडवतो, मग दोन्हींच्या सांध्यात कड्याच्या पोटातून झरे फुटतात. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला आणि थंड हवेचं ठिकाण वसलं ते या झऱ्यांच्या भरवशावर. एका झऱ्याला त्याचंच नाव आहे. ठाकर आणि कातकरी लोकांना ते झरे त्याच्या आधीपासून ठाऊक होते, पण त्यांनी त्यांना स्वतःची नावं दिली नाहीत.

तर आमच्याकडेही वरचा थर पाणी पितो आणि खालचा दगड अडवतो. फरक एवढाच की जीनानमध्ये तो खेळ शहराच्या पोटात घडतो आणि आमच्याकडे कड्याच्या कपाळावर. तिथून घसरलेल्या पाण्याची गाढी नदी होते, आणि गाढीवर १९६४ साली देहरंगचं धरण झालं. कागदावर अप्पासाहेब वेदक यांचं नाव, तोंडात देहरंगच. माझी सगळी नोकरी त्या पाण्यावर. पहाटे चावी उघडायच्या आधी मी पूर्वेला बघत असे. माथेरानवर ढग बसलेला दिसला की चार दिवस शिव्या कमी पडणार. फाल्गुन सरला की देहरंगचा तळ दिसू लागे, गाळ फुटून त्याच्या फरशा पडत, आणि मग एका आळीला वीस मिनिटं, दुसरीला पंधरा. एकदा लग्नाच्या दिवशी मी चुकून भलतीच चावी बंद केली. वरपक्षाच्या अंघोळी राहिल्या. नवऱ्यामुलाला वडाळ्यावर नेऊन आंघोळ घातली म्हणतात. दहा वर्षं त्या आळीतून मी मान खाली घालून जात होतो.

दक्षिणेचा अंगठा म्हणजे कर्नाळा किल्ला. तिथे नदी नाही, तळं नाही, तरी शिबंदी राहिली; कारण सुळक्याच्या पायाशी खडकात कोरलेली टाकी आहेत. १६७० साली शिवाजी महाराजांनी मोगलांकडून तो परत घेतला, १८१८ ला इंग्रजांकडे गेला. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा त्याचे किल्लेदार होते. वासुदेव बळवंतांचा जन्म १८४५ चा, कर्नाळ्याच्या पायथ्याजवळच्या शिरढोणचा. मरण १८८३ चं, एडनच्या तुरुंगात. एडन म्हणजे पाण्याच्या थेंबाला महाग मुलूख. पावसाच्या या टापूतल्या माणसाचा शेवट तिथे व्हावा, हा विचार माझ्या मनातून जात नाही. टाक्यांवर वाकलो की तोच येतो.

आता रोडपाली. बायकोचं माहेर. आज कळंबोलीचे सेक्टर, स्टील मार्केटचे ट्रेलर, एक्सप्रेसवेचं तोंड. तिच्या लहानपणी खाडी, खार जमीन, भात. बांधाला उघाडी असायची. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरती चढायच्या आत बंद करायची. ती चुकली की खारं पाणी शेतात आणि तीन वर्षं पीक नाही. सासरे उघाडी बघत असत. म्हणजे तेही चावीवालेच, फक्त त्यांचं वेळापत्रक चंद्राकडे.

“बावीचा पानी मचूल लागं,” सासूबाई म्हणत. खाडीकाठी विहीर जरा खोल नेली की गोडं पाणी संपतं आणि खारं लागतं. म्हणून गावाला तळं हवंच. पावसाचं पाणी वरच्यावर धरायला. ते तळं अजून आहे. गणपती त्यात बुडवतात, काठावर सकाळी निवृत्त मंडळी फेऱ्या मारतात, त्यात मीही. पलीकडची कासाडी नदी तळोज्याच्या कारखान्यांमागून येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिच्या काठचे कुत्रे निळे झाले तेव्हा जगभरच्या बातम्यांत आली. एरवी तिच्याकडे कोण बघतं!

नवी मुंबईसाठी जमीन सिडकोने घेतली. दास्तान फाटा आणि आसपास १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळाले. मी पाचव्या मजल्यावर राहतो तो त्या हिशोबात. २०१६ च्या १ ऑक्टोबरला महापालिका झाली आणि रोडपाली कागदावरही पनवेल शहरात आली. नैर्ऋत्येला उलव्याची टेकडी दिसायची, सुमारे नव्वद मीटरची. विमानतळासाठी ती सुरुंग लावून उतरवली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. आता तिथे विमानं उतरतात. ओळखीचा डोंगर गेला की पावसाचा अंदाज चुकतो. दक्षिणेचा ढग कुठवर आला ते मी त्या टेकडीवरून मोजत असे.

आमच्या नळाला येणारं पाणी मात्र गाढीचं नाही, पाताळगंगेचं. आणि इथे मला आयुष्यात उशिरा कळलेली गोष्ट सांगायची आहे. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते ती स्वतःच्या बळावर नाही. लोणावळ्याला टाटांनी वळवण, शिरोता अशी धरणं बांधली. ते पाणी बोगद्या-नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला आणून १९१५ पासून वीज केली, आणि टर्बाइन फिरवून सुटलेलं पाणी पाताळगंगेत सोडलं. वळवण इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे. ते पाणी मुळात देहू-आळंदीवरून भीमेला, तिथून पंढरपूर करत पूर्वेच्या समुद्राला जायचं. एका मोठ्या चावीने ते पश्चिमेला फिरवलं.

जीनानची गोष्टही पुढे अशीच झाली. शहर वाढलं, भूजल उपसलं, आणि १९९९ मध्ये बाओतू बंद पडला. २००३ पर्यंत बहुतेक काळ कोरडाच. लोकांनी विहिरींचा उपसा कमी केला, दक्षिणेच्या डोंगराळ भागात बाहेरून पाणी आणून जमिनीत मुरवलं, तेव्हा तो पुन्हा उसळला. मुलाने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “म्हणजे पंप आहेच की. फक्त लांब आहे.”

इंद्रायणीची गोष्ट मी बायकोला सांगितली नसती तर बरं झालं असतं. माहेर वारकऱ्यांचं, वडिलांच्या गळ्यात माळ. ती आधी बोलली नाही. मग नळ सोडून ओंजळ धरून उभी राहिली. त्यानंतर दर एकादशीला देव्हाऱ्यातल्या विठोबाची आंघोळ नळाच्या पाण्याने, तांब्या भरून ठेवून. मागच्या एकादशीला पहाटे मी अजून अंथरुणात होतो.

“अहो, खाली गाडीचा आवाज आला रात्री. टाकीत आता नळाचं आहे की टँकरचं?”

मी उठलो, दाराच्या मागचा पाना घेतला आणि चेंबर बघायला जिना उतरलो.