लय : दोन टाळ्यांमधला विसावा

'लय वाढवा' असे आमच्या गायकवृंदाला आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो. वाढवा म्हणजे जलद म्हणा, एवढाच आमचा आशय. शब्दाच्या पोटात शिरलो तेव्हा आपण उलटेच सांगत होतो, हे ध्यानी आले.

'लय' हा शब्द संस्कृत 'ली' धातूपासून आला. चिकटणे, विरघळणे, विलीन होणे हा त्याचा मूळ अर्थ. 'प्रलय'ही त्याच घरचा. मराठीने मात्र संगीतातली लय स्त्रीलिंगी केली आणि नाशाचा लय पुल्लिंगीच ठेवला. अमरकोशाने लयीला साम्य म्हटले आहे. तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त केलेली व्याख्या अधिक सूक्ष्म आहे. एक क्रिया संपल्यावर दुसरी होईपर्यंतची विश्रांती, ती लय. द्रुताच्या दुप्पट विश्रांती मध्य लयीत, मध्याच्या दुप्पट विलंबितात. म्हणजे टाळी मोजायची नाही, दोन टाळ्यांमधला विसावा मोजायचा. मग लय वाढवणे म्हणजे, शास्त्राच्या काटेकोर भाषेत, गाणे संथ करणे! युरोपात मेल्झेलने १८१५ साली ज्या लयमापक यंत्राचे पेटंट घेतले, ते मिनिटाला ठोके किती एवढेच सांगते.

आमच्या गडचिरोलीकडील गोंड बांधवांच्या रेला नृत्यात हा विसावा डोळ्यांना दिसतो. हातात हात गुंफलेली रांग पाऊल टाकते, थबकते, पुन्हा टाकते. धर्मप्रांतातील लोकांच्या संगीतपरंपरेला उचित मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात सांगितले. त्यास अनुसरून आम्ही रेलाच्या चालीवर एक अर्पणगीत बसवले. साथीला की-बोर्ड, आणि त्यातला तयार ठेका. चाल बरोबर होती, शब्द बरोबर होते. पण अर्पण घेऊन येणाऱ्या बायांची पावले अडखळू लागली. मिस्सेनंतर एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "फादर, पाय कवा टेकवाचा जी?"

आम्ही चाल उचलली होती, विसावा तिथेच टाकून आलो होतो. मान दिला असे समजत होतो, तो अर्धाच.

पुढल्या रविवारी यंत्र बंद ठेवले आणि त्याच म्हातारीला रांगेच्या पुढे उभे केले. मिस्सा वीस मिनिटे लांबली. पुढच्या गावी आम्ही उशिरा पोहोचलो आणि तेथील मंडळींची बोलणी मुकाट्याने ऐकून घेतली.