जुना ब्राउझर, तालुक्याचे कागद

ब्राउझर अपडेट ठेवा, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. रिसोडात ते इतकी वर्षं का होत नव्हतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी त्या काळापासून इथे संगणक दुरुस्त करतो, विंडोज टाकून देतो. आमच्या माणसांना निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. कारणं वेगळी होती.

१ जुलै १९९८ला आमचा रिसोड तालुका अकोला जिल्ह्यातून नव्या वाशीम जिल्ह्यात आला. पुढच्या काही वर्षांत नेट कॅफे निघाले. सगळीकडे विंडोज एक्सपी आणि तो निळा ‘ई’, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोअरर ६. तो आला ऑगस्ट २००१ मध्ये, आणि त्याची पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. एवढा काळ बहुतेक जग त्याच एका ब्राउझरवर होतं. गावभर एकाच किल्लीची कुलपं असावीत, तसं चोरांचं काम सोपं झालं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. संगणक साठ सेकंद उलटे मोजायचा आणि बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तो विंडोजमधल्या भगदाडातून शिरत होता आणि त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिलेला होता. त्याच ऑक्टोबरपासून कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देऊ लागली. एक्सप्लोअररची दुरुस्तीही त्यातच यायची.

पण तो मंगळवार रिसोडपर्यंत यायचा कसा? ऑगस्ट २००४ मधला एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ घ्या. पॉप-अप अडवण्याची सोय एक्सप्लोअररला त्यानेच दिली. त्याचं पूर्ण पॅकेज सुमारे २६६ एमबी. टेलिफोनच्या ५६ केबीपीएस लाइनवर, पूर्ण वेग मिळाला तरी दहा तासांवर. वेग तेवढा कधीच मिळायचा नाही, फोनचं बिल चढत राहायचं आणि मध्येच लोडशेडिंग. त्यामुळे अपडेट सीडीवरून यायचे. माझ्या पिशवीत ती सीडी कायम असायची.

कॅफेवाल्यांचा आणखी एक उपाय होता, डीप फ्रीझ. गिऱ्हाइकाने काहीही करून ठेवलं तरी रीस्टार्ट केला की संगणक पहिल्यासारखा. व्हायरस जायचा, पण आदल्या दिवशी घेतलेला अपडेटही त्याच्याबरोबर जायचा. तो टिकवायचा तर डीप फ्रीझ आधी उघडावं लागे. ते कोण करणार?

पुढे ब्रॉडबँड आलं आणि डाउनलोडचा प्रश्न सुटला, तर दुसरा उभा राहिला. डिजिटल सहीची, टेंडरची कामं एक्सप्लोअरर आणि जावाच्या ठरावीक जुन्या आवृत्तीवर चालायची. अपडेट केलं की सही अडायची. मग लोक मलाच सांगायचे, “भाऊ, अपडेट बंद करून द्या.” त्यांचं पोट त्या सहीवर होतं. दोष अशा वेबसाइटी बांधणाऱ्यांचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्सपीचे पॅच ८ एप्रिल २०१४ला थांबले. क्रोमनेही एप्रिल २०१६ मध्ये एक्सपी सोडलं. जुलै २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि ते भरून देणाऱ्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. नवरा-बायको दोघं यायचे, आधार क्रमांक, बँक खातं, अंगठा, सगळं एकाच संगणकात जायचं. घरचा संगणक जुना राहिला तर नुकसान एका घराचं. केंद्रातल्या संगणकातून गावंच्या गावं जातात. म्हणून तिथला अपडेट ही मी सार्वजनिक बाब मानतो, पाण्याच्या टाकीइतकीच.

आज क्रोमचे सुरक्षा अपडेट ऑगस्ट २०२३ पासून आठवड्याला येतात आणि आपोआप उतरतात. पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाहीत, आणि केंद्रात दहा-दहा टॅब दिवसेंदिवस उघडे असतात. विंडोज ७ वर तर क्रोम १०९ नंतर नवं काही येतच नाही, आणि ती आवृत्ती जानेवारी २०२३ची.

केंद्रचालकांनो, रोज सकाळी शटर उघडलं की पहिलं काम हे करा: तीन टिंबं, ‘हेल्प’, ‘अबाउट गुगल क्रोम’, आणि रीलाँच. आणि अर्ज भरायला येणाऱ्यांनो, आधार कार्ड पुढे करण्याआधी तेवढं उघडून दाखवायला सांगा. एक मिनिटाचं काम आहे, आणि विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.