तवा-गिटार ते वरातीचा बेंजो: पिकअप बदलायचा तर कोणता?

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघालाय. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला त्यांची बेंजो पार्टी आहे. ते विचारतात, "भाऊ, बेंजोचा पिकअप गेला. आता कोणता टाकू? दुकानदार म्हणते गिटारचा टाक, आवाज डबल होते."

लग्नसराई तोंडावर आलेली असताना हा प्रश्न साधा नसतो. पिकअप चुकला तर वरातीत बेंजो नुसता किंचाळतो, आणि पुढच्या वर्षीची सुपारी डीजेवाल्याकडे जाते. म्हणून आज जरा मागे जाऊन बघू. पिकअप नावाची वस्तू मुळात कुणासाठी आणि कशासाठी निघाली, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

आधी बेंजोबद्दल. अमेरिकेत चामड्याचा गोल बँजो असतो, तो हा नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानमध्ये. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली एक वाद्य काढलं. खाली तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. त्याच वर्षी जपानात तैशो कालखंड सुरू झाला, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. स्वस्त, शिकायला सोपं, पेटीत मावणारं. ते समुद्रमार्गे फिरत भारतात आलं आणि इथलंच होऊन गेलं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात, आपल्याकडे बेंजो. मुंबईच्या चाळींपासून विदर्भातल्या वरातींपर्यंत त्याचा संसार पसरला. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्यावर हिंदी सिनेमाच काढला.

पण या वाद्याची एक अडचण होती, आवाज बारीक. घरात गोड वाटतो, ढोल-ताशापुढे ऐकूच येत नाही. नेमकी हीच अडचण जगाच्या दुसऱ्या टोकाला एका वेगळ्याच वाद्याची होती.

ते वाद्य म्हणजे हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी दांडी सरकवायची. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, आणि त्यानंतर अमेरिकेत या संगीताचं वेडच लागलं. पण नाचाच्या हॉलमध्ये, पितळी बाजाच्या गराड्यात, बिचारी गिटार बुडून जायची. लॉस एंजेलिसचे जॉर्ज बीचम स्वतः ही गिटार वाजवत. त्यांनी घरीच प्रयोग सुरू केले. असं सांगतात, की तांब्याची बारीक तार गुंडाळायला त्यांनी कपडे धुण्याच्या मशीनची मोटार वापरली. (आपल्याकडे तालुक्याच्या गावी विहिरीवरचे पंप भरून देणारे मोटार वाइंडिंगवाले असतात ना, त्यांना हा माणूस लगेच आपला वाटेल.) १९३१ मध्ये लाकडी नमुना झाला आणि १९३२ मध्ये ॲल्युमिनियमची ओतीव गिटार बाजारात आली. गोल पोट, लांब दांडा, म्हणून तिला नाव पडलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला तवा. तारांना कवेत घेणारे नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक, खाली तारेचं वेटोळं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. असंही सांगतात, की हे चालतं यावर पेटंट कचेरीचा विश्वास बसेना, तेव्हा वादकांना पाठवून प्रत्यक्ष वाजवून दाखवावं लागलं.

म्हणजे विजेच्या गिटारची पहिली कंपनी मांडीवरच्या गिटारसाठी उभी राहिली, रॉकवाले फार नंतर आले. हीच हवाईयन गिटार आपल्याकडेही रुजली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हे वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहिले. पुढे व्हॅन शिपले यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत गेल्या. तिकडे अमेरिकेत तिचीच पेडल स्टील झाली. पायांनी पेडल दाबायचं आणि वाजत्या तारेचा सूर चढवायचा. १९५४ साली बड आयझॅक्स यांचं तसं वादन एका गाण्यात गाजलं आणि मग सगळेच पेडल बसवायला लागले.

आता मुद्द्यावर येऊ. पिकअप करतो काय? तो हवेतला आवाज ऐकत नाही, माईक ऐकतो. पिकअपला कळते फक्त लोखंडी किंवा पोलादी तारेची हालचाल. तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, तेच. म्हणून बेंजोला पितळी तार लावली असेल तर कितीही महाग पिकअप टाका, ती तार मुकीच राहणार. जुना पिकअप 'गेला' असं ठरवण्याआधी हे तपासा. आणि जॅकचा डाग सुटलाय का, तेही. मल्टिमीटर लावा. काटा हललाच नाही तर वेटोळं तुटलंय, आकडा आला तर दोष बहुतेक वायरीत किंवा व्हॉल्यूमच्या खुंटीत.

वेटोळं तुटलंच असेल, तर माझं मत विचाराल तर आधी तेच पुन्हा भरून घ्या. हजारो वेढे असतात, तार केसाएवढी बारीक. पंपाची जाड तार इथं चालत नाही, बारीक तार मुद्दाम मागवावी लागते. पण जुनं चुंबक, जुनं माप, जुना आवाज टिकतो.

नवा घ्यायचा तर दुकानदाराचं 'डबल आवाज' ऐकू नका. वेढे वाढवले की जोर वाढतो हे खरं. पण त्याबरोबर वरचे, चमकदार सूर दबतात. पेडल स्टीलवाले जड वेटोळ्याचे पिकअप आवडीने वापरतात. काहींचं मोजमाप १७-१८ किलोओहमच्या पुढे जातं, साध्या गिटारचं ६-७ च्या आसपास असतं. त्यांना लांब, गोल, रेंगाळणारा सूर हवा असतो. बेंजोचं तसं नाही. बेंजोचा जीव त्या टणत्कारात आहे. बटण दाबलं, पट्टी मारली, सूर टणकन उठला पाहिजे. तो दबला की मग कीबोर्ड काय आणि बेंजो काय! आणि ओहमचा आकडा बघून फसू नका. बारीक तार वापरली की वेढे तेवढेच असूनही आकडा वाढतो.

दुसरी गोष्ट मापाची. गिटारच्या पिकअपला सहा खिळे असतात, सहा तारांसाठी, साधारण सेंटीमीटरभर अंतरावर. बेंजोच्या तारा त्याहून जवळजवळ. मग एखादी तार खिळ्यावर येते, दुसरी दोन खिळ्यांच्या मधल्या फटीत, आणि सुराच्या तारा कमीजास्त वाजतात. पेडल स्टीलच्या दहा तारांनाही साधा गिटारचा पिकअप याच कारणाने चालत नाही. तेव्हा खिळ्यांऐवजी सलग लोखंडी पट्टी असलेला घ्या, आणि आधी तारांची रुंदी पट्टीने मोजून न्या.

तिसरी गोष्ट फक्त वरातीत कळते. टेम्पोवर जनरेटर, ॲम्प्लिफायर, भोंगे, सगळं बेंजोच्या हातभर अंतरावर. एका वेटोळ्याचा पिकअप त्यातली घरघर उचलतो. यावर १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी वापरून उपाय काढला. घरघर एकमेकांत मरते, सूर राहतो. मात्र आवाज थोडा जाडसर होतो. यवतमाळात दुर्गोत्सवाच्या गर्दीत, दहा पार्ट्यांच्या मधोमध वाजवायचं असेल तर मी हा सौदा करीन. गावच्या मंडपातच वाजवत असाल तर एकच वेटोळं बरं. आणि मेणात बुडवलेलं वेटोळं मागा. सैल वेटोळं भोंग्यासमोर शीळ घालतं. काड्यापेटीत मावणारी चकती चिकटवायचा सल्लाही मिळेल, पण ती बटणांची खटखटसुद्धा वाजवून दाखवते.

जोराच्या शर्यतीत बेंजो डीजेला हरवणार नाही, हे बीचमच्या काळी नव्हतं, आज आहे. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर भोंगे बंद. लोक बेंजोवाल्याला बोलावतात ते गाण्याची ओळ स्पष्ट ऐकू येते म्हणून. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पहिले चार सूर वाजले की लोक पुढचं स्वतःच गायला लागतात, ते त्या स्पष्टपणामुळेच.

बसवताना पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका. चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. थोडा खाली ठेवा, सगळ्या तारा सारख्या वाजेपर्यंत एकेक बाजू वर-खाली करा. घोडीकडे सरकवला तर आवाज धारदार, लांब नेला तर गोल. आणि हे सगळं जनरेटर चालू ठेवून बघा, घरात बघून काही कळत नाही. दारव्हेकर, बसवून झाला की वाजवून पाठवा, आपण सगळे ऐकू.