माप कुणाच्या हातात?

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. आत गेलं की कारण कळतं. छताला एकामागून एक कमानदार फासळ्या आहेत, घराला वासे असावेत तशा. डोंगराच्या पोटात कोरलेल्या छताला वाशांचा आधार लागत नाही. तरीही सातव्या शतकातल्या कारागिरांनी त्या दगडातून काढल्या, कारण चैत्यगृह म्हणजे लाकडी वास्तू ही सवय त्यांच्या हातात होती. वेरूळच्या कितीतरी आधी कोरलेल्या कार्ले आणि भाजे इथल्या चैत्यगृहांत खरोखरच्या लाकडी फासळ्या बसवल्या होत्या. सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्यातल्या काही जागेवर आहेत.

कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. दाराचं काम त्याने केलं. म्हणजे लाकूड घडवणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. ते लाकूड जंगलात उभं असताना ज्यांनी पाडलं, ओंडके केले आणि डोंगरावर ओढून आणलं, त्यांचं नाव कुठेच नाही. त्यांना काय मिळालं, हेही कुणी लिहून ठेवलं नाही.

लाकूडतोड्याची मजुरी लेखी इतिहासात येते ती विसाव्या शतकात, आणि तीही भांडणाच्या निमित्ताने. ते भांडण नीट वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. दर किती, यावरून जेवढा वाद होता, तेवढाच वाद माप कुणी घ्यायचं यावरून होता. हातात कुऱ्हाडीऐवजी पेट्रोलची करवत आली, तरी हा दुसरा वाद अजून मिटलेला नाही.

रोज आणि उक्तं

मजुरी द्यायच्या दोन पद्धती आपल्याला माहीत आहेत. एक रोजाची: सकाळी आलात, संध्याकाळी गेलात, दिवसाचे पैसे घ्या. दुसरी उक्ती: एवढं काम, एवढे पैसे. मराठवाड्यात याला ‘गुत्तं’ म्हणतात आणि काम घेणाऱ्याला ‘गुत्तेदार’. झाडतोड जवळजवळ सगळीकडे उक्त्यावर चालते. टनावर, घनफुटावर, गाडीवर किंवा थेट झाडावर.

उक्त्यात वरवर काही वाईट दिसत नाही. जास्त काम, जास्त पैसे. पण टन कुठल्या काट्यावर मोजला? घनफूट काढताना साल धरली की वगळली? पोकळ निघालेला बुंधा हिशेबात आला का? फांद्या साफ करायला गेलेला अर्धा दिवस कुणाच्या खात्यावर? दर कागदावर वाढतो आणि मापात परत जातो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात उद्या कुणी कोडच्या ओळी मोजून पगार द्यायचा ठरवला, आणि त्या मोजणारा प्रोग्रॅम मॅनेजरच्या लॅपटॉपवरच राहणार असेल, तर आम्ही पहिला प्रश्न त्या प्रोग्रॅमबद्दल विचारू. पगाराचा आकडा नंतर.

पाचशे पौंड गवत

वेरूळच्या आसपास जंगल तुरळक आणि झुडपी. जंगलमजुरीवरची महाराष्ट्रातली सर्वात मोठी लढाई झाली ती पश्चिमेला, जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव, डहाणू या तालुक्यांत.

तिथले वारली जमीनदाराच्या शेतावर वेठीला जात, म्हणजे फुकट राबत. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही सावकाराचे ‘लग्नगडी’ होत. पावसाळा संपला की गवत कापायचं आणि त्यानंतर जंगलात झाडं तोडायची. गवत मुंबईच्या बाजारात जाई आणि लाकूड वखारीत. दोन्हींचा भाव व्यापाऱ्याला माहीत असे. कापणाऱ्याला माहीत असे ते फक्त हातावर पडलेले पैसे.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली गेले होते. मग मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी त्यांची स्वतःची परिषद भरली आणि वेठ बंद करायचं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर या चळवळीच्या पुढे होते. ही सगळी हकीकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वेठीनंतर मजुरीचा प्रश्न आला. मागणी अशी होती: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ही मागणी जरा थांबून वाचण्यासारखी आहे. तिच्यात दर आहे आणि मापही आहे. ‘पेंढ्यांना एवढे’ असं म्हटलं असतं तर पेंढी केवढी, हे मालकाने ठरवलं असतं. ५०० पौंड म्हणजे साधारण २२७ किलो. ते कुणाच्याही काट्यावर तेवढंच भरायला हवं. निरक्षर ठरवल्या गेलेल्या माणसांनी मजुरीच्या करारातली सगळ्यात निसटती जागा बरोबर हेरली होती.

त्याची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, जेठ्या गांगड त्यातला एक. संप मात्र मोडला नाही.

पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या कामाची पाळी आली. यावेळी मागणी होती दिवसाला किमान सव्वा रुपया. गवतात माप पक्कं करून घेतलं, तर लाकडात रोजाचा तळ आखून घेतला: झाड कसंही निघो, दिवस घालवला की एवढं तरी मिळालंच पाहिजे. संप झाला, जंगलं थांबली, आणि लाकूड व्यापाऱ्यांनी व ठेकेदारांनी सव्वा रुपया मान्य केला. सरकारने मात्र चळवळीवर वरवंटा फिरवला. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून तडीपार केलं गेलं.

ठेकेदाराच्या जागी सोसायटी

मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं. दडपशाही करणाऱ्या याच सरकारने १९४७ पासून दुसरीही एक वाट काढली: जंगल कामगार सहकारी संस्था. जंगलखातं तोडीसाठी जंगलाचे भाग पाडतं, त्याला कूप म्हणतात. आधी कुपाचा लिलाव व्हायचा आणि ठेकेदार तो घ्यायचा. आता कूप तोडणाऱ्यांच्या सोसायटीला द्यायचा आणि नफा तिच्यात राहू द्यायचा, अशी ती योजना. महाराष्ट्र आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. काहींनी चांगलं काम केलं. काही ठिकाणी जुनाच ठेकेदार सोसायटीच्या पाटीमागे बसून राहिला, कारण सभासदाला हिशेबाची वही वाचता येत नव्हती. मालकी कागदावर बदलली, पण माप लिहिणारा हात तोच राहिला.

१९४८ चा किमान वेतन कायदाही याच काळातला. त्याचं १७ वं कलम सांगत होतं की काम उक्तं असलं आणि उक्त्याचा वेगळा किमान दर ठरलेला नसला, तर वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. वारल्यांनी दोन वर्षं आधी मागितलेला तळ आता कायद्यात आला. पण तो लागू व्हायला हजेरीपट लागतो, आणि झाडाखाली हजेरीपट नसतो.

पुढे जंगलातली तोडच आटत गेली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९८८ चं वनधोरण आलं, आणि १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवायची तोड थांबवली. जंगलासाठी हे गरजेचं होतं. पण लाकडाची मागणी आटली नाही. तोड मग बांधावर, रस्त्याकडेला आणि खाजगी जमिनीवर सरकली. तिथे कूप नाही, सोसायटी नाही, युनियन नाही.

यंत्र आल्यावर

एका माणसाला चालवता येईल अशी पेट्रोलची साखळी-करवत युरोप-अमेरिकेत १९५० नंतर पसरली. आपल्याकडे मजूर स्वस्त होता, म्हणून कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत बराच काळ टिकली. आता ‘कटर’ तालुक्याच्या बाजारात मिळतो.

कटरने काम झटपट होतं आणि धोकाही तितकाच झटपट समोर येतो. पात्याचं टोक चुकीच्या जागी टेकलं तर करवत उलटी अंगावर उसळते. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. एवढ्या आवाजात कानाला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटांचा मानतात. वर्षानुवर्षांच्या थरथरीने बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. यावर उपाय आहेत: पात्यात गुंतून साखळी थांबवणाऱ्या धाग्यांची पँट, हेल्मेट, कानटोपी, थरथर शोषणारी मूठ. पण उक्त्यात हे सगळं खिशाच्या आणि घड्याळाच्या विरोधात जातं. साखळीला धार लावायला थांबलेली दहा मिनिटं, झाड कुठे पडेल याचा अंदाज घेण्यात गेलेला अर्धा तास, पावसात काम न करण्याचा शहाणपणा, यातल्या कशालाच टनावर पैसे नाहीत.

स्वीडनमध्ये हाच पेच होता. तिथला जंगल कामगार नगावर कमावत असे आणि करवत बहुतेकदा त्याची स्वतःची असे. १९७५ च्या मार्चमध्ये सुमारे १५,००० जंगल कामगारांनी संप केला. मुख्य मागणी होती महिन्याचा बांधलेला पगार. त्यानंतर तिथल्या मोठ्या कंपन्यांतून नगावरची मजुरी बरीचशी मागे पडली. अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा अपघात स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं. करवत तीच होती आणि माणसंही तीच होती. पैसे मोजायची पद्धत तेवढी बदलली होती.

वेरूळच्या रस्त्यावर

आज वेरूळ, खुलताबाद, कन्नड भागात झाड पडतं ते असं: शेतकरी बांधावरचा लिंब किंवा बाभूळ उभ्या उभ्या विकतो. व्यापारी टोळी आणतो. कटर टोळीतल्या एकाचा असतो किंवा भाड्याचा. लाकूड वजनकाट्यावर जातं, तिथून आरागिरणीत किंवा वीटभट्टीवर. अनुसूचीत नाव असलेलं झाड असेल तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या परवानगीत झाडाची नोंद असते. झाड कोण पाडणार, तो शिकलेला आहे का, फांदी त्याच्यावर कोसळली तर जबाबदार कोण, याची नोंद नसते. अपघात झाला की शेतकरी म्हणतो, मी झाड विकलं होतं. व्यापारी म्हणतो, मी उक्तं दिलं होतं. कटरवाला म्हणतो, आम्ही सगळे सारखेच.

मराठवाड्याला हे गणित अनोळखी नाही. ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन जातो, टनावर कापतो आणि कारखान्याच्या काट्याकडे बघतो. पण त्याच्या संघटना आहेत. म्हणून २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के दरवाढ तरी पदरात पडली. झाडतोडीची टोळी चार-पाच जणांची, आज इथे तर उद्या तिथे. तिने संप केला तर कुणाला कळणारही नाही.

तरीही माप हातात घेतल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोडणीची मजुरी ग्रामसभेने ठरवली, मोजणी गावाने केली आणि हिशेब गावासमोर ठेवला. खेरांच्या काळातल्या योजनेत जे बऱ्याच ठिकाणी राहून गेलं, ते इथे झालं. वही तोडणाऱ्यांच्या हातात आली.

बांधावरच्या चौघांच्या टोळीला ग्रामसभा मिळणार नाही. पण तीन गोष्टी झाडाला करवत लागण्याआधी ठरू शकतात: वजन कुठल्या काट्यावर होणार आणि पावती कुणाकडे राहणार, लाकूड कितीही निघालं तरी दिवसाचे किमान किती, आणि पेट्रोल, साखळी व दवाखाना कुणाच्या खर्चाने. परवानगीच्या अर्जावर तोडणाऱ्यांची नावं लिहायला एक रकाना वाढवला, तर जबाबदारी कुणाची हेही विचारता येईल. झाड विकणारे आपल्यातलेच असतात. भाव ठरवताना हा प्रश्न शेतकऱ्याने व्यापाऱ्याला विचारला, तर त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.